गोलकीपरचं बोट

नेरूळला माझं हाताच्या फिजिओथेरपीचं छोटंसं क्लिनिक आहे. येणारे पेशंट ठरलेले. वाशीच्या एपीएमसी मार्केटमधले माथाडी, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत मशीनमध्ये बोट गेलेले कामगार, मोबाइलपायी अंगठा धरलेली कॉलेजची पोरं, पोळ्या लाटून लाटून मनगट दुखावलेल्या बायका. क्रिकेटवाले पावसाळा सोडून वर्षभर येतात. फुटबॉलवाल्यांचं माझ्याकडे काय काम? ज्या खेळात हात लागला की शिट्टी वाजते, त्या खेळातला माणूस हात घेऊन कशाला येईल? डी. वाय. पाटील स्टेडियम इथून हाकेच्या अंतरावर, पण तिथून कुणी माझ्या दारात आलं नव्हतं.

2025 च्या जुलैच्या सुरुवातीला एक गोलकीपर आला. नाव सांगत नाही, ओळख पटेल असं काही लिहिणार नाही, आणि हे लिहायला त्याची परवानगी आहे. तिशी ओलांडलेला, दारातून वाकून आत आला. डाव्या हाताची दोन बोटं पांढऱ्या टेपने एकत्र बांधलेली.

"जरा लचकलंय, ताई. शनिवारपर्यंत चालू करून द्या."

आधी मी अहो-जाहो करत होते. टेप सोडता सोडता तो आमच्याच भागातला, बेलापूरकडचा निघाला, मग अरे-तुरे सुरू झालं.

टेप निघाली आणि लचकण्याचा प्रश्नच मिटला. अनामिकेचं शेवटचं पेर खाली लोंबत होतं. मी मधलं पेर चिमटीत पक्कं धरलं आणि म्हटलं, "आता नुसतं टोक सरळ कर." त्याच्या कपाळावर आठी पडली, दंडाचा स्नायूसुद्धा ताठला, पण टोक खाली ते खालीच. मी माझ्या बोटाने वर उचललं तर अलगद वर आलं. सोडलं की पडलं. दुखतही नव्हतं फारसं, त्यामुळेच आठवडाभर त्याने दुर्लक्ष केलं होतं.

याला मॅलेट फिंगर म्हणतात. ताठ धरलेल्या बोटाच्या टोकावर बॉल समोरून आदळतो, टोक झटक्यात आत दुमडतं आणि ते सरळ करणारा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, शेवटच्या सांध्यापाशी तुटतो. कधी कधी हाडाचा तुकडाही उपटून येतो. त्याचा एक्स-रे पाहिला, हाड शाबूत होतं. म्हणजे ऑपरेशनची गरज नव्हती, फक्त स्प्लिंट, बोट सरळ धरून ठेवणारी पट्टी. फक्त म्हणायचं, पण खरी गोम तिथेच आहे. सहा ते आठ आठवडे चोवीस तास टोक सरळ राहिलं पाहिजे. आंघोळीत, झोपेत, जेवताना. स्प्लिंट धुवायला काढली तरी बोट टेबलावर सपाट टेकवून ठेवायचं. मध्ये एकदा जरी टोक वाकलं तरी जोडत आलेला टेंडन पुन्हा ताणला जातो आणि दिवस पहिल्यापासून मोजायचे.

"पण ग्लोव्हजमध्ये फिंगर सेव्ह आहे ना," तो म्हणाला. बॅगेतून त्याने ग्लोव्हज काढून माझ्यासमोर ठेवले. मी पहिल्यांदाच नीट हातात घेतले. तळव्याला मऊ लेटेक्स, मागच्या बाजूने प्रत्येक बोटात प्लास्टिकचा एक कणा. तो कणा बोट मागे उलटू देत नाही. पुढे मात्र मजेत वाकतो, वाकायलाच हवा, नाहीतर बॉल पकडणार कसा? आणि याचं दुखणं नेमकं पुढे वाकण्याचं होतं. मी कणा वाकवून दाखवला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतकी वर्षं हे ग्लोव्हज घालतोय, असं कुणी सांगितलंच नव्हतं म्हणाला.

माझी सवय अशी की एक बोट दाखवायला आलेल्याचे दोन्ही हात बघायचे. त्याचे बघितले आणि मी पुढच्या पेशंटला थांबायला सांगितलं. उजवी करंगळी मधल्या सांध्यात कायमची वाकडी. ती निखळली होती आणि मैदानातच कुणीतरी ओढून बसवली होती. दोन्ही अंगठ्यांचे सांधे जाड. डाव्या मनगटावर जुन्या ऑपरेशनचा व्रण, आत स्क्रू. मी एकेका खुणेवर बोट ठेवत गेले आणि तो साल सांगत गेला. मी गमतीत विचारलं, "आणि यातलं मॅचमधलं कुठलं?"

त्याने हात उलटसुलट करून पाहिला. "करंगळी. बाकी सगळं प्रॅक्टिसचं."

मला वाटलं, चेष्टा करतोय. मग त्याने समजावलं. संघात तीन गोलकीपर असतात, खेळतो एक. फॉरवर्डला शेवटची वीस मिनिटं तरी मिळतात. गोलकीपर बदलतात तो पहिल्याला दुखापत झाली किंवा रेड कार्ड मिळालं तरच. तो बहुतेक ठिकाणी दुसरा किंवा तिसरा होता. काही हंगाम असे गेले की अंगावर जर्सी रोज, पण मॅच एकही नाही. दुसऱ्या गोलकीपरने सरावात पहिल्याला बॉल मारायचे, त्याला तयार करायचं, आणि स्ट्रायकर लोकांना फिनिशिंगचा सराव करायचा असला की गोलमध्ये उभं राहायचं. म्हणजे मॅचमध्ये एखाद्या गोलकीपरवर जेवढे शॉट येतात, त्याच्या कितीतरी पट याने एका सकाळी अंगावर घ्यायचे. गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच. कोपऱ्यात जाणारा बॉल तळव्यापर्यंत येतच नाही, तो बोटांच्या शेवटच्या पेरांनीच बाहेर काढावा लागतो. प्रेक्षक नसलेल्या मैदानांवर याची पेरं अशी झिजली होती.

2014 मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग ही फुटबॉलची स्पर्धा, सुरू झाली तेव्हा मुंबई सिटीचं घरचं मैदान आमचं नेरूळच होतं. तेव्हा स्टँडमध्ये बसून हा सगळी मॅच सोडून मुंबईच्या गोलकीपरकडे, सुब्रत पालकडे बघत बसायचा. कॉर्नरच्या वेळी तो कुठे उभा राहतो, बॉल पलीकडच्या बाजूला असताना काय करतो. पुढे भारताचा गोलकीपर गुरप्रीत सिंग संधू युरोपातल्या क्लबांच्या युरोपा लीगमध्ये खेळला, त्या बातमीचं कात्रण याच्या आईने जपून ठेवलंय. "गोलकीपरला अक्कल तिशीनंतर येते, ताई. इटलीचा बुफॉन पंचेचाळीसपर्यंत गोलमध्ये खेळला." हे तो मला सांगत होता की स्वतःला, कळायला मार्ग नव्हता.

शनिवारी परराज्यातल्या एका क्लबची ट्रायल होती. आधीचा करार संपलेला, नवा हातात नाही. त्याने मला सरळ विचारलं, "स्प्लिंट नाहीच लावली तर काय होईल?"

अशा वेळी आमच्या पेशात "आराम करा" म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. ज्याचं पोट हातावर आहे, मग तो माथाडी असो की गोलकीपर, त्याला आराम परवडतो का हे विचारल्याशिवाय सल्ला देण्यात अर्थ नसतो. मी खरं ते सांगितलं. टोक असंच लोंबकळत राहील. पकड बऱ्यापैकी राहील, बॉल पकडता येईल. पण पुढे मधला सांधा उलट्या बाजूला ताणला जाऊन बोटाचा आकार बिघडू शकतो, आणि खिशात हात घालताना ते टोक अडकत राहील. निर्णय तुझा.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "लावून ग्लोव्हज चढतात का बघू."

थर्मोप्लास्टिकची पट्टी गरम पाण्यात टाकली. ती मऊ झाल्यावर बोटाच्या पाठीवर ठेवून दाबली, टोक किंचित मागे झुकवून ती घट्ट होईपर्यंत धरून बसले. पाठीवर अशासाठी की बोटाचा पुढचा मांसल भाग मोकळा राहावा, बॉलचा स्पर्श कळावा. ग्लोव्हज तो एक नंबर मोठेच वापरायचा, तरी अनामिका आत जाईना. मी पट्टीच्या कडा घासल्या, पुन्हा बसवली. तिसऱ्या खेपेला हात आत गेला. त्याने क्लिनिकच्या भिंतीवर बॉल मारून पाहायची परवानगी मागितली. ती मी दिली नाही. शेजारी दातांचे डॉक्टर बसतात. स्प्लिंटवर मार बसला तर ती आत सरकू शकते, मग सगळंच मुसळ केरात, हेही बजावलं. तो ट्रायलला जाणार हे मात्र दिसतच होतं.

जाऊ शकला नाही. त्याच आठवड्यात क्लबचा फोन आला, सध्या थांबा. आयएसएलचा हंगामच त्या जुलैत अधांतरी लटकला होता, व्यापारी हक्कांच्या कराराचं घोंगडं भिजत पडलं होतं. वरचं ठरेना म्हटल्यावर खालचेही कुणी पैसे काढायला तयार नव्हते, असं तो म्हणाला. भारतीय फुटबॉलवर तो त्या दिवशी जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी मात्र त्या गोंधळाचे मनातल्या मनात आभार मानले. कुठल्याही डॉक्टरला देता आली नसती तेवढी सुट्टी त्या बोटाला मिळाली.

आठ आठवडे त्याने स्प्लिंट सांभाळली. मग व्यायाम सुरू झाले. टोक सरळ करून धरायचं, मी मोठ्याने आकडे मोजायचे. आठ झाले की हा हमखास सोडून द्यायचा. "आठच सेकंद, ताई. पुढे कॉर्नर." 2025 मध्ये नियम बदलला होता: गोलकीपरने आठ सेकंदांहून जास्त वेळ बॉल हातात ठेवला तर समोरच्यांना कॉर्नर, आणि शेवटची पाच सेकंदं रेफ्री हात वर करून बोटांवर मोजणार. मीही मग पाच बोटं वर करून मोजायला लागले. टोक आता जवळजवळ सरळ होतं, किंचित झुकाव राहिलाय तो राहणारच.

आयएसएल अखेर फेब्रुवारी 2026 मध्ये सुरू झाली. त्याच्या क्लबची ट्रायल त्याआधी झाली आणि त्याला घेतलं, तिसरा गोलकीपर म्हणून. फोनवर मी अभिनंदन करावं की नाही या विचारात होते. तोच म्हणाला, "तिसरा तर तिसरा. पहिल्याला बॉल मारायला कुणीतरी लागतंच ना." रात्रीची स्प्लिंट वापरतोस का, विचारलं, तर हो म्हणाला. तिकडे जाताना दुसरीही एक बनवून नेली होती, ग्लोव्हजच्या मापाची. तिचे पैसे पहिल्या पगारातून देणार आहे.