एम १० ट्राम, दोन मुलं आणि बर्लिन

मुलांना घेऊन बर्लिन बघायचं ठरलं तेव्हा मी एकच हट्ट धरला होता. एम १० ट्रामच्या वाटेवर जे येईल तेवढंच बघायचं. ब्रांडेनबुर्ग गेट नंतर कधीतरी. धाकटा पाच वर्षांचा आहे, त्याला कमानीखाली फोटोसाठी उभं करण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

सकाळी दार उघडायच्या वेळेला निसर्ग-इतिहास संग्रहालयात पोचलो. सोमवारी ते बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. आत शिरलं की समोरच १३.२७ मीटर उंचीचा डायनासोरचा सांगाडा. धाकट्याला त्याचं डोकं दिसेना, तेव्हा तो सरळ फरशीवर उताणा झोपला आणि तिथूनच ओरडला, "आई, दिसलं!" शेजारची दोन जर्मन मुलंही लगेच आडवी झाली. ही हाडं आजच्या टांझानियातल्या तेंदागुरूची. १९०९ ते १९१३ या काळात ती खणून काढली आणि तिथल्या माणसांनी ओझी वाहून लिंडी बंदरापर्यंत पोचवली. तेव्हा तिथे जर्मनांचं राज्य होतं. हे ऐकून थोरलीने विचारलं, "मग आता परत का नाही देत?" प्रश्न रास्त आहे, असंच मी तिला सांगितलं.

बाहेर बाकावर बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या आणि त्याच ट्रामने बेर्नाउअर श्ट्रासंला उतरलो. इथे घरं पूर्व बर्लिनमध्ये आणि दारापुढचा फुटपाथ पश्चिमेत, अशी हद्द होती. १३ ऑगस्ट १९६१ला पूर्व जर्मनीने ही हद्द बंद करून शहर तोडलं (बर्लिनची भिंत ती हीच), तेव्हा लोकांनी पश्चिमेत जायला खिडक्यांतून उड्या मारल्या. खाली पश्चिमेकडचे अग्निशमन दलाचे जवान झेलायला उभे असायचे. मग खिडक्याच विटांनी बुजवल्या. हे एवढंच सांगितलं, आणि सात वर्षांच्या मुलीला सगळं समजलं.

जिथली भिंत पाडली तिथे आता गंजक्या रंगाचे उंच लोखंडी गज ओळीने रोवलेत. लांबून बघितलं तर भिंतच वाटते, जवळ गेलं की गजांमधून आरपार जाता येतं. दोघं कितीतरी वेळ त्यांतून इकडून तिकडे पळत होती. मी त्यांना अजिबात थांबवलं नाही. त्या जागेचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

पुढे भिंतीपायी जीव गेलेल्यांचे फोटो लावलेत. त्यांत चेतिन मेर्त आहे. १९७५ साली, पाचव्या वाढदिवसाच्या दिवशी, तो काठावर खेळताना श्प्रे नदीत पडला. काठ पश्चिमेचा, पाणी पूर्वेचं, म्हणून पश्चिमेच्या बचाव पथकाला पाण्यात उतरता आलं नाही. त्यानंतर त्याच वर्षी अशा बुडणाऱ्यांना वाचवण्याबद्दल दोन्ही बाजूंनी करार केला. तिथे मी धाकट्याचा हात घट्ट धरला. तो मात्र "कधी जायचं?" म्हणून ओढत होता.

तिथून माउअरपार्क चालत जाण्याजोगं आहे. टेकाडावर मोठे झोके आहेत, आणि ही जागाही एकेकाळी हद्दीवरचीच. मुलांनी अंधार पडेपर्यंत झोके सोडले नाहीत. राइश्टागचा, म्हणजे संसद भवनाचा, घुमट राहिला. राहू दे. परत गेलो तरी मी आधी बेर्नाउअर श्ट्रासंलाच उतरेन.