सिलिंडरविना फेस : आमची वाटचाल

आमच्या कारखान्यात कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही. साताऱ्याजवळच्या शेडमध्ये आम्ही जी जिंजर बिअर, म्हणजे आल्याचे आंबवलेले पेय, करतो, तिचा फेस बूच लागल्यानंतर बाटलीतच, जिवंत यीस्टमुळे तयार होतो, आणि २०१६ पासून आजपर्यंत आम्ही या एकाच गोष्टीवर टिकून आहोत. या धंद्यातल्या मंडळींना यात काय काय आले ते सांगायला नको.

वडिलांचा गोटी सोड्याचा कारखाना होता. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याच्या त्या जाड काचेच्या, गळ्यात गोटी अडकणाऱ्या बाटल्यांमध्ये लेमन आणि ऑरेंजबरोबर जिंजरही भरले जाई. परंतु त्या जिंजरमध्ये साखर, अर्क आणि गॅस यांखेरीज काही नसे. ज्या जिल्ह्यात कोरेगाव-कऱ्हाडच्या शिवारातून आल्याच्या गाड्या भरून बाहेर जातात, त्याच जिल्ह्यात भरलेल्या जिंजरच्या बाटलीत आल्याचा एक गड्डाही पडू नये, हे मला तेव्हापासून खटकत असे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये, विशेषतः यॉर्कशायरकडे, जी जिंजर बिअर होत आली, ती आले, साखर, पाणी आणि लिंबू आंबवून मातीच्या भाजलेल्या बाटल्यांत भरली जात असे. तो मूळ प्रकार आपल्या आल्यात उतरवायचा, असे मी ठरवले.

हे एकट्याने जमले नसते. सूक्ष्मजीवशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक सुरुवातीपासून भागीदार म्हणून माझ्यासोबत होते; आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. सिलोनमध्ये कॉफीच्या तांबेरा रोगावर काम करून परतलेले इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ हॅरी मार्शल वॉर्ड यांनी १८९२ साली जिंजर बिअरच्या विरजणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रज घरांत पिढ्यान्‌पिढ्या जपले जाणारे ते भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे म्हणजे एक यीस्ट आणि एक जिवाणू यांची एकत्र वस्ती असते, हे त्यांनी दाखवून दिले. सरांनी तेच सूत्र धरले. आमचे विरजण मात्र दाण्यांचे नाही, ते सालीसकट किसलेल्या ताज्या सातारी आल्यावर धरलेले आहे. सालीवरच ते जीव असतात, म्हणून आले ब्रशने धुवावे, सोलू नये. रोज साखर आणि आले घालून हे विरजण पोसावे लागते, आणि दिवाळीतही कोणीतरी त्यासाठी शेडवर जातेच.

हत्यारांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आमचा खरा खर्च तिथेच झाला. बाटली जाड काचेची, तारेच्या चिमट्याची, चिनी मातीच्या बुचाची, आणि त्या बुचावरचा लाल रबरी वायसर हा सगळ्या बाटलीचा प्राण आहे. वायसर कडक झाला की फेस रात्रीतून निघून जातो, म्हणून परत आलेल्या प्रत्येक बाटलीचा वायसर आमच्या मावशी बोटाने दाबून पाहतात आणि शंका आली की सरळ काढून टाकतात. प्रत्येक घाण्यातली एक बाटली आम्ही मुद्दाम साध्या प्लॅस्टिकची भरतो. ती आतल्या वायूने हाताला दगडासारखी घट्ट लागली, की आंबणे थांबावे म्हणून सगळे क्रेट चार अंशांच्या शीतखोलीत जातात. साखर किती आंबली ते दाखवणारा हायड्रोमीटर आहेच, तरी प्लॅस्टिकच्या बाटलीवर माझा विश्वास अधिक आहे.

घट्टपणाची ही वेळ चुकवून चालत नाही, त्याचे कारण साध्या हिशोबात आहे. लिटरमागे सुमारे आठ ग्रॅम साखर आंबली, की मद्यार्क ०.५ टक्क्यांपाशी पोहोचतो, आणि त्याच आठ ग्रॅममधून पेयाच्या घनफळाच्या साधारण दुप्पट वायू निघतो. खाद्यसुरक्षेच्या नियमाप्रमाणे ०.५ टक्क्यांच्या वर गेलेले पेय मद्यात मोडते. म्हणजे टाकीत आंबवून बसलो तर मद्यार्क राहतो आणि वायू उडून जातो. म्हणून विरजण लावताच बाटली भरायची, पंचवीस अंशांवर ठेवायची, आणि मर्यादेच्या आत थांबवायची. नवे आले रसाळ आणि सुगंधी असते, जुने तिखट आणि धाग्याचे, आणि दोन्हींचे प्रमाण दर हंगामाला जिभेवर ठरवावे लागते. इतकी तारेवरची कसरत करून जो बारीक, टिकणारा फेस मिळतो, तो सिलिंडरने कधीच मिळत नाही, हे मी कोणाहीसमोर सांगायला तयार आहे.

पहिली वर्षे बरी गेली, टाळेबंदीही निभावली. २०२३ च्या उन्हाळ्याने मात्र आम्हाला जवळजवळ संपवले. पुण्यातील एका दुकानसाखळीने आमच्या मानाने फार मोठी मागणी नोंदवली. प्रत्येक खोक्यावर "पाच अंशांखाली ठेवावे" असे ठळक अक्षरांत छापलेले होते, आणि करारातही ते कलम होते. त्यांनी माल पत्र्याच्या गोदामात ठेवला. एप्रिलमधल्या उकाड्यात यीस्ट जागे झाले, उरलेली साखर आंबू लागली, आणि बाटल्या फुटल्या. कोणाला इजा झाली नाही, हे आमचे भाग्य. सगळा माल परत आला, बिल अडवले गेले, आणि त्याच सुमारास एका प्रतिस्पर्ध्याच्या विक्रेत्याने दुकानोदुकानी सांगायला सुरुवात केली, की आमच्या बाटलीत दारू आहे.

हा प्रतिस्पर्धी कोण, ते लिहीत नाही. त्याच्या लेबलवर पुढे "पारंपरिक, आंबवलेले" असे लिहिलेले आहे आणि मागे बारीक अक्षरांत कार्बोनेटेड पाणी, आल्याचा स्वाद आणि परिरक्षक आय. एन. एस. २११, म्हणजे सोडियम बेंझोएट. यीस्टची वाढ रोखणारे द्रव्य घालून आंबवल्याचा टेंभा मिरवणे कोणत्या परंपरेत बसते? आम्ही शीतखोलीतील नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवले. अहवाल मर्यादेच्या आत आला, परंतु तो हाती पडेपर्यंत हंगाम निघून गेला होता. त्यातच आल्याचे भाव इतके चढले, की आमच्यासारख्याला गाडीभर, म्हणजे पाचशे किलो, माल घेणेही अवघड झाले. शेतकऱ्याला चार पैसे मिळाले याचा आनंदच आहे. पण आमच्या खात्यात तेव्हा विजेचे बिल भरण्याइतकेही पैसे नव्हते, आणि शीतखोली बंद पडली असती तर उरलेला मालही गेला असता.

त्या वेळी पाचगणीच्या बाई धावून आल्या. त्यांचे छोटे अतिथिगृह आहे, आणि पहिल्या वर्षापासून त्या आमचा माल घेतात. बाटली खिडकीच्या उजेडात धरून त्या तळाचा साका, म्हणजे यीस्टचा गाळ, पाहतात. "अहो, साका नसेल तर ती बाटली मला देऊ नका, मग मी बाजारातली नाही का आणणार?" असे त्यांनी मला एकदा सुनावले होते. रिकाम्या बाटल्या त्या धुऊन, चिमटे उघडे ठेवून परत पाठवतात, म्हणजे वायसर दबून राहत नाही. इतकी जाण मी एकाही मोठ्या गिऱ्हाइकात पाहिलेली नाही. अफवा त्यांच्याही कानावर गेली होती. त्यांनी फोन करून फक्त एवढेच विचारले, "वीज चालू आहे ना तुमची?" आणि पुढच्या संपूर्ण हंगामाचे पैसे आगाऊ पाठवले. सरांनीही आपला नफ्याचा वाटा दोन वर्षे उचलला नाही.

या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. माल देण्याआधी गिऱ्हाइकाचे गोदाम स्वतः जाऊन पाहा आणि दुपारी दोन वाजता तिथे तापमापक लावा. सकाळचा आकडा कामाचा नाही. बाटलीची अनामत घेतल्याशिवाय क्रेट हलवू नका. नवे-जुने असा भेद करून शेतकऱ्याचा भाव पाडू नका, कारण तुम्हाला दोन्ही लागणारच आहे. आणि विरजणाचा एक वाटा नेहमी दुसऱ्या जागी ठेवा. आमचा सरांच्या घरच्या फ्रिजमध्ये असतो.

आज आम्ही सातारा, वाई, पाचगणी आणि पुण्यातील मोजक्या ठिकाणीच, स्वतःच्या शीतगाडीने माल पोहोचवतो. त्या दुकानसाखळीकडचे बिल अजून यायचे आहे. वकिलांची नोटीस गेलेली आहे, करारातील पाच अंशांच्या कलमाची प्रत तिला जोडलेली आहे, आणि तो पैसा मी सोडणार नाही.