आमची वाटचाल : दांडीतराजूपासून सिरियल नंबरपर्यंत

आमची पेढी वडोदऱ्यात वजनकाटे विकते, दुरुस्त करते आणि त्यांचं वर्षाचं स्टॅम्पिंग, म्हणजे कायद्याने लागणारी तपासणी आणि शिक्का, करून देते. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, १९८४ साली दांडिया बाजारात एका खोलीत दांडीतराजू दुरुस्त करायला सुरुवात केली. आज मांडवीतल्या सराफांचे काटे, फरसाणवाल्यांचे, खंडेराव मार्केटातले, मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यांचे प्लॅटफॉर्म काटे आणि हालोल रस्त्यावरचे ट्रक तोलणारे भुईकाटे एवढा पसारा आहे. दुकान माझे यजमान बघतात, वर्कशॉप धाकटे दीर, आणि हिशेब व गिऱ्हाइकं माझ्याकडे. त्यामुळे गिऱ्हाइकांची माहिती ठेवायला वेगळं सीआरएम घ्यायचं की बिलाच्या सॉफ्टवेअरमध्येच असलेलं वापरायचं, हा प्रश्न माझ्याच टेबलावर आला.

आधी आमच्या कामाचा कायदा सांगते, कारण सगळा निर्णय त्याच्याभोवती फिरला. वैध मापन कायदा २००९ चा, त्याचे सर्वसाधारण नियम २०११ चे. लोखंडी वजनं आणि दांडीतराजू दर २४ महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यायचे, इलेक्ट्रॉनिक काटा दर १२ महिन्यांनी. शिक्क्यावर वर्ष असतं आणि तिमाहीचं अक्षर असतं. शिवाय दुरुस्ती करताना सील तुटलं, तर पुन्हा पडताळणी झाल्याशिवाय तो काटा वापरता येत नाही. म्हणजे फेब्रुवारीत स्टॅम्पिंग झालेल्या काट्याचा लोडसेल, म्हणजे वजन मोजणारा भाग, ऑगस्टमध्ये बदलला की त्याची पुढची तारीखच बदलते. एका फरसाणवाल्याच्या दुकानात चार काटे असतील तर चौघांच्या चार तारखा. ही तारीख गिऱ्हाइकाची नसते, काट्याची असते.

अण्णांना हे पहिल्यापासून कळत होतं. त्यांची वही पार्टीच्या नावाने लावलेली नव्हती. तिमाहीप्रमाणे लावलेली होती आणि प्रत्येक ओळीत काट्याचा नंबर होता. मी लग्न होऊन आले तेव्हा मला ती पद्धत विचित्र वाटली होती. आज मला वाटतं की आमच्या धंद्याचा सगळ्यात चांगला आराखडा त्या वहीतच होता.

काम वाढलं तशी माहिती मात्र तीन जागी गेली. बिलं हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, स्टॅम्पिंगच्या तारखा वहीत आणि नवीन चौकश्या विक्रीच्या मुलांच्या व्हॉट्सॲपवर. इंडियामार्ट या ऑनलाइन बाजारावरून येणाऱ्या चौकश्या वेगळ्याच. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा बिलांची शिस्त आली, पण ती फक्त बिलांची. जुनी उधारी थकलेल्या पार्टीकडे आमचाच माणूस नवीन काट्याचं कोटेशन घेऊन जायचा, कारण उधारी त्याला दिसतच नव्हती. एवढ्यावरून ठरलं की काहीतरी करायला हवं.

पहिल्यांदा स्वतंत्र सीआरएम वापरून पाहिलं. या प्रकाराबद्दल मला आदर आहे. सीबेल ही कंपनी १९९३ साली निघाली ती विक्रीची माणसं काय करतात याचीच नोंद ठेवायला, सेल्सफोर्सने १९९९ नंतर तेच काम ब्राउझरमध्ये आणलं, आणि आपल्या चेन्नईच्या झोहोचं सीआरएम २००५ पासून आहे. इतकी वर्षं एकाच कामावर घालवलेल्या लोकांचं काम वापरताना जाणवतं. आम्ही घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्येही मोबाइलवर चौकशी दोन बोटांत नोंदली जायची, कुणाला परत फोन करायचा ते सकाळी समोर यायचं, कोटेशन कुठल्या टप्प्यावर आहे ते रंगांत दिसायचं. विक्रीची मुलं खूश होती.

पण त्याच्या आत जग तीन गोष्टींचं होतं : माणूस, कंपनी आणि सौदा. सौदा जिंकला की कार्ड हिरवं व्हायचं आणि बाजूला सरकायचं. आमचं खरं काम त्या क्षणी सुरू होतं. काटा पोचला, आता दरवर्षी स्टॅम्पिंग, मधे दुरुस्ती, वार्षिक करार, पाचसात वर्षांनी नवा काटा. हे बसवण्यासाठी ‘काटा’ नावाचा नवीन तक्ता तयार करून घेतला. मग प्रत्येक बिलातला सिरियल नंबर तिथे पुन्हा भरायचा, किंवा दोन सॉफ्टवेअरमध्ये जोडणी करून घ्यायची. जोडणी करून दिली गेली. आता प्रश्न असा उभा राहिला की दोन्हीकडे पत्ता वेगळा असेल तर खरा कुठला? मालाची यादीही दोन ठिकाणी सांभाळायची. आमच्यात ते सोपं नाही : बिलावर मालाचा जो एचएसएन कोड लिहायचा असतो, त्यात साधे काटे ८४२३ मध्ये जातात, पण पाच सेंटिग्रॅम किंवा त्याहून सूक्ष्म फरक दाखवणारे, म्हणजे सराफांचे काटे, ९०१६ मध्ये. कोटेशनमध्ये एक आणि बिलात दुसरा, असं झालं की गिऱ्हाइकाचा अकाउंटंट बिल परत पाठवतो आणि पैसे पुढच्या महिन्यावर जातात.

खर्चाचा मुद्दाही इथेच येतो. स्वतंत्र सीआरएमचे पैसे बहुतेक माणशी, महिन्याला असतात. विक्रीची माणसं थोडी, पण तारीख बदलते ती मेकॅनिकच्या हातून. म्हणजे प्रत्येक मेकॅनिकला लॉगिन हवं, आणि तिथे दर महिन्याचा आकडा आमच्या आवाक्याबाहेर जायला लागला.

शेवटी आम्ही हिशेबासकट सगळंच ईआरपीनेक्स्टवर नेलं. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं हे सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. त्यात चौकशी, संधी, कोटेशन, ऑर्डर, बिल अशी साखळी एकाच ठिकाणी चालते, पण माझं मन जिंकलं ते सिरियल नंबरच्या पानाने. त्या पानावर काटा कोणाला कधी गेला, वॉरंटी कधी संपते, वार्षिक करार कधी संपतो हे आधीपासूनच होतं. आम्ही फक्त स्टॅम्पिंगची तारीख आणि तिमाही एवढ्या दोन चौकटी वाढवल्या. आता मेकॅनिक भेटीची नोंद करतो, सील तुटलं का यावर खूण करतो आणि पुढची तारीख आपोआप सरकते. अण्णांना ते पान दाखवलं तर ते म्हणाले, “अगं, ही तर माझीच वही.” मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

मुक्त स्रोत म्हणजे बिनखर्ची, असं कुणी समजू नये. सर्व्हरचं भाडं आहे, बसवून देणाऱ्याची फी आहे, रोजचा बॅकअप दुसऱ्या जागी जातो ना हे बघणारं माणूस लागतं. आमच्याकडे ते काम मी करते आणि त्यासाठी वेळ काढते. ज्या घरात असं कुणी नाही त्यांनी महिन्याचे पैसे देऊन तयार सेवा घ्यावी.

सुरुवात कधी करायची यावर घरात चर्चा झाली. अण्णांचं म्हणणं दिवाळीनंतरच्या लाभपाचमेचं, इथल्या बाजाराची रीत तीच. मी १ एप्रिल धरला, कारण वर्षाच्या मधे सुरू केलं तर मागची शिल्लक दोन ठिकाणी जुळवत बसावं लागतं. मग दिवाळीत चोपडापूजनाला, म्हणजे वह्यांच्या पूजेला, जुन्या वहीशेजारी नवीन लॅपटॉप ठेवून पूजा केली आणि नोंदी एप्रिलपासून घातल्या.

सगळ्यात जास्त मेहनत नावं साफ करण्यात गेली. वडोदऱ्यात एकच पार्टी मराठी माणूस ‘शहा’ लिहितो, गुजराती माणूस ‘शाह’, आणि इंग्रजीत त्याचे आणखी दोन प्रकार. इथे जीएसटी क्रमांकाने वाचवलं. पंधरा अक्षरांचा तो क्रमांक. पहिले दोन अंक राज्याचे, गुजरातसाठी २४, पुढची दहा अक्षरं पॅनची. कारखान्याची एक शाखा इथे आणि एक महाराष्ट्रात असली तर सुरुवातीचे अंक २४ आणि २७ होतात, पण मधला पॅन तोच. त्यावरून एकाच मालकाच्या शाखा एकत्र लावता आल्या. छोट्या दुकानदारांकडे जीएसटी क्रमांक नसतो, तिथे मोबाइल नंबर धरला. हे काम कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तरी करावंच लागतं, आणि घेण्याआधी केलं तर बरं.

तरी मी सगळ्यांना आमच्यासारखंच करा म्हणणार नाही. माझा मामेभाऊ छतावरच्या सौरऊर्जेचं काम करतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्य घर योजना आली, तीन किलोवॅट आणि त्यापुढे ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं, आणि त्याच्याकडे चौकश्यांचा पूर आला. त्यातल्या बहुतेक बिलापर्यंत पोचतच नाहीत. अर्ज, वीज कंपनीची मंजुरी, उभारणी, नेट मीटर, अनुदान अशा पायऱ्या; एकदा पॅनेल लागली की त्या घराशी पुढे फारसं काम उरत नाही. त्याने स्वतंत्र सीआरएम घेतलं आणि ते त्याला अगदी बरोबर बसलं. मला म्हणाला, “ताई, माझं गिऱ्हाईक बिलाच्या आधी सांभाळावं लागतं, तुझं बिलानंतर.” मला वाटतं त्याने नेमकं सांगितलं. आणि गंमत म्हणजे फ्रॅपेनेही पुढे ईआरपीनेक्स्टपासून वेगळं, फक्त सीआरएमचं ॲप काढलं आहे. विक्रीच्या माणसांना हलका, वेगळा पडदा हवा असतो हे त्यांनाही दिसलं असणार.

आमच्याकडेही ती उणीव आहे. विक्रीच्या मुलांना जुन्या सीआरएमचे रंगीत टप्पे आठवतात आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. इंडियामार्टच्या चौकश्या अजून ऑफिसमधल्या ताई हाताने चढवतात. हालोलच्या पुढे भुईकाट्यावर काम चालू असताना नेट मिळालं नाही तर मेकॅनिक नोंद कागदावर करतात आणि संध्याकाळी वर्कशॉपमध्ये येऊन भरतात. चौकश्या आपोआप आत याव्यात यासाठी जोडणीचं काम आता दिलं आहे. दिवाळीआधी फरसाणवाल्यांची गर्दी सुरू होते, त्याच्या आत ते झालं पाहिजे.