राजा आणि राजाचा डुप्लिकेट

"पाच हजार रुपये देऊन कापडं बघायला गेलतीस? महाद्वार रोडला फुकट बघायचीस की!"

हॅरी पॉटर सिनेमांच्या स्टुडिओ टूरच्या तिकिटाचा आकडा ऐकून पप्पांनी फोनवर एवढंच विचारलं. पन्नासहून जास्त पौंड आणि वर येण्याजाण्याचं भाडं. हे भाडं मी अजून घरात सांगितलेलं नाही. पप्पा हे वाचत असतील तर पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

मी कोल्हापूरची. इचलकरंजीत टेक्सटाइलची डिग्री झाली आणि आता लीड्सला मास्टर्स करते. लीड्सहून रात्रीच्या बसनं लंडन गाठलं, यूस्टनला दात घासले आणि गाडी पकडून वीस मिनिटांत वॉटफर्ड जंक्शनला उतरले. तिथून स्टुडिओची बस लीव्हस्डनला नेते. इथं पूर्वी विमानतळ होता, दुसऱ्या महायुद्धात विमानं बनायची. १९९५ च्या सुमाराला त्या रिकाम्या शेडांमध्ये जेम्स बॉण्डचं शूटिंग झालं आणि नंतर हॅरी पॉटरचे आठही सिनेमे इथंच घडले. २०१२ पासून सेट आणि कपडे लोकांना बघायला मोकळे केले आहेत. तिकीट आधीच काढावं लागतं, दारात मिळत नाही.

पॉटरची भक्त मी नव्हे, माझी चेन्नईची रूममेट. ग्रेट हॉलचं, म्हणजे पॉटरच्या शाळेतल्या जेवणाच्या दालनाचं दार उघडलं तेव्हा ती चक्क रडली. मी खाली बघत होते. फरशी खऱ्या दगडाची! आमच्याकडं सेट म्हटलं की समोरून राजवाडा आणि मागं बांबू, सुतळी, प्लाय. चित्रनगरीत एकदा कॉलेजच्या ट्रिपला मी वाड्याच्या खांबाला टेकले होते, तो खांब हलला होता. इथं १२० फूट लांब आणि ४० फूट रुंद हॉलला दगडी फरशी घातलीय. शेकडो पोरं वर्षानुवर्षं त्यावरून धावणार, रंगवलेली फरशी कशी टिकणार? पुढं मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटभर जुने जाडजूड ग्रंथ आहेत. ते सगळे चामड्याचे पुठ्ठे चढवलेले टेलिफोन डिरेक्टरीचे गठ्ठे निघाले. म्हणजे दगड खरा, पुस्तकं खोटी. झिजणार तिथं पैसा घालायचा आणि नुसतं दिसणार तिथं रद्दी वापरायची. आबांना हा हिशोब एकदम पटला असता.

आबा म्हणजे माझे आजोबा. शुक्रवार पेठेत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, पण साठ-सत्तरच्या दशकात त्यांची खरी कमाई स्टुडिओतल्या कपडेपटावर चालायची. 'कॉस्च्युम डिपार्टमेंट' हा शब्द मी इचलकरंजीत शिकले. घरात कायम कपडेपटच. 'आबा कपडेपटावर गेल्यात' म्हणजे आबा रात्री जेवायला नाहीत.

लीव्हस्डनला कपड्यांपाशी माझी पावलं अडकली, ती दीड तास तिथंच. तिसऱ्या सिनेमापासून वेशभूषा जानी टेमीम यांची. शाळेतले मास्तर स्नेप, त्यांचा काळा झगा सगळ्या सिनेमांत तोच, कारण तो माणूस बदलणारच नाही. उलट शाळेवर हुकूम गाजवणाऱ्या अम्ब्रिजबाईंच्या हातात जशी सत्ता येत जाते, तसा त्यांचा गुलाबी रंग फिक्याचा भडक होत जातो. रांगेत उभे केलेले ते गुलाबी कोट बघताना मला आमच्या गल्लीतली एक नगरसेविका आठवली. नाव सांगत नाही.

पण मी खिळले ती मळक्या कपड्यांसमोर. लढाईतला सदरा, जाकीट, जीन्स, सगळं फाटलेलं आणि माखलेलं. एकाच सीनसाठी एका कपड्याच्या कितीतरी प्रती लागतात. एक स्वच्छ, एक थोडा मळलेला, एक रक्ताचा, एक स्टंट करणाऱ्याचा. आणि त्या सगळ्या प्रतींवर डाग त्याच जागी, त्याच आकाराचा हवा. नवं कापड जुनं करायच्या या कामाला तिकडं 'ब्रेकडाऊन' म्हणतात आणि त्यासाठी वेगळी माणसं असतात. सँडपेपर, तारेचा ब्रश, रंग घेऊन ती दिवसभर कपडे खराब करत बसतात.

हेच काम आबा परसात करायचे. मांजरपाटाचा कोरा सदरा काळ्या चहात बुडवायचा, वाळवायचा, मग कोपरावर विटेच्या तुकड्यानं घासायचा. चहा नुसता जुनं दिसण्यासाठी नव्हता. ब्लॅक अँड व्हाइटच्या दिवसांत पांढरंशुभ्र कापड कॅमेऱ्यापुढं भगभगायचं आणि नटाचा चेहरा त्यात बुडून जायचा. म्हणून पडद्यावरचं पांढरं हे बऱ्याचदा चहात बुडवलेलं असायचं. आज्जीचा एकच त्रागा होता, घरात प्यायला पत्ती नाही आणि मावळ्यांच्या अंगावर अर्धा किलो. मळवायची रीतही ठरलेली. घाम मानेला, काखेत आणि पाठीच्या पन्हाळीत. माती गुडघ्याच्या खाली. नवशिक्या पोरानं पोटावर माती फासली की आबा विचारायचे, "हा काय सरपटत रायगडावर आला काय रं?"

पुढं शाळेचा धिप्पाड रखवालदार हॅग्रिड भेटला. तो राक्षसाएवढा दिसावा म्हणून त्याची झोपडी दोन मापांत बांधली होती, एक लहान आणि एक मोठी. कपडेही दोन मापांचे. एक रॉबी कोल्ट्रेनचे आणि दुसरे मार्टिन बेफील्ड या माजी रग्बी खेळाडूचे, कारण लांबून दिसणारा हॅग्रिड तो होता. पाटीवर दोघांचीही नावं. मी त्या डगल्याची काख बघायला वाकले तर सुरक्षेवाला जवळ येऊन उभा राहिला. त्याला काय सांगणार, की भावा, माझ्या आज्ज्याचं आख्खं आयुष्य काखेत गेलं?

खरंच गेलं. ऐतिहासिक सिनेमात राजाचा अंगरखा एक आणि घोड्यावर दौडणाऱ्या डुप्लिकेटचा दुसरा. दिसायला जुळे, पण डुप्लिकेटच्या बगलेत चौकोनी तुकडा, म्हणजे चौबगला, मोठा ठेवायचा. नाहीतर तलवार उगारली की टर्रकन फाटणार. पडद्यावर ते कुणालाच दिसत नाही. आबा मात्र थिएटरात राजाकडं बघतच नव्हते म्हणे. घोडा आला की पुढं सरकून बसायचे.

बटरबिअर, म्हणजे पॉटरच्या गोष्टीतलं पेय, त्याविषयी थोडक्यात: फेस चांगला, खाली नुसती साखर. रंकाळ्यावरचा सोडा यापेक्षा बरा.

परतीच्या गाडीत रूममेटशी पैज लागली. पहिलं भारतीय ऑस्कर कुणाचं? ती म्हणाली रहमान. मी म्हटलं, बाई, त्याच्या पंचवीसेक वर्षं आधी, १९८३ साली, तेही कपड्यांसाठी, आणि बाई आमच्या गावच्या. भानू अथय्या. १९२९ साली कोल्हापुरात जन्मल्या, माहेरच्या राजोपाध्ये. 'गांधी'साठीचं ते ऑस्कर त्यांना जॉन मोलो यांच्यासोबत मिळालं. मोलो म्हणजे 'स्टार वॉर्स'च्या कपड्यांसाठी आधीच एक ऑस्कर घेऊन बसलेला माणूस. पैजेची कॉफी मी वसूल केली.

भानूताईंनी २०१२ मध्ये ती ऑस्करची बाहुली नीट जपली जावी म्हणून अमेरिकेतल्या अकादमीकडं परत दिली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. आपल्याकडं एक बाहुली ठेवायला जागा नाही? आता येत नाही, कारण आमच्या ट्रंकेचं काय झालं ते मी बघितलंय. आबांनी राखून ठेवलेल्या दोन बाराबंद्या, एक शेला आणि जरीचे तुकडे पलंगाखालच्या ट्रंकेत होते. शेला आधीच कसरीनं खाल्ला होता. बाकीचं २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा घरात आली तेव्हा गेलं. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर आत काळा चिखल. आता मात्र माती पोटावरही होती.

ज्या बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा बनवला, १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला, रंगवलेल्या पडद्यांच्या जागी उभे सेट आणले, त्यांचेही बहुतेक सिनेमे आज शिल्लक नाहीत. खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभ आहे. लहानपणी मी आणि मैत्रिणी 'कॅमेऱ्यापाशी भेटू' म्हणायचो. तो कशासाठी उभा आहे, ते कॉलेजात गेल्यावर कळलं. बरोबरची पर्यटक मंडळी लीव्हस्डनला पॉटरच्या शाळेच्या किल्ल्याच्या मॉडेलपुढं तोंडात बोट घालून उभी होती (१:२४ मापाचं आहे, आणि खरंच भारी आहे), तेव्हा मी मात्र आबांच्या मापाच्या वहीचा विचार करत होते. ती ट्रंकेत नव्हती.

रविवारी पप्पांना व्हिडिओ कॉल लावून माळ्यावर चढवलं. आधी कुरकुर, मग शिंका, मग शिवणयंत्राच्या झाकणाखाली वही सापडली. लाल कापडी पुठ्ठा, एक कोपरा उंदरानं कुरतडलेला. पप्पांनी ती फोनपुढं धरली आणि पानं उलटायला लागले. आबांनी नटांची नावं लिहिलेलीच नाहीत, फक्त भूमिका. 'राणी, धाकटी.' 'कारभारी, पोट सुटलंय.' 'मावळे १४, एकच माप.'

"थांबा पप्पा, मागं घ्या एक पान."

'राजा. छाती ३८, बाही २३.' त्याच्या खाली, 'राजाचा डुप्लिकेट. छाती ४०, बाही २४.' आणि शेजारी पेन्सिलीनं, तिरक्या अक्षरात: 'पुन्हा माप घेणे. घोड्यावर बसवून.'