पावणेसात इंची फोन वावरात वापरताना

पडद्याचं माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपं मोजतात. ६.७ इंची फोन प्रत्यक्षात सोळा-साडेसोळा सेंटिमीटर उंच, साडेसात सेंटिमीटरच्या वर रुंद आणि साधारण २०० ग्रॅमचा असतो. जाड कव्हर आणि काच चढवली की तीस-चाळीस ग्रॅम वाढतात. अंगठा वरच्या टोकाला पोचत नाही. हा दोन हातांचा फोन आहे आणि वावरात दोन्ही हात क्वचितच रिकामे असतात, ही त्याची खरी अडचण.

शर्टाच्या वरच्या खिशात तो अर्धा बाहेर राहतो. विहिरीवर, मोटारीच्या पेटीपाशी किंवा ठिबकचा कॉक फिरवायला वाकलं की आधी फोन खाली जातो. पँटच्या मागच्या खिशात ठेवून गाडीवर बसलात, तर लांब फोनवर वाकण्याचा ताण येतो. सगळ्यात बरी म्हणजे खांद्याला तिरपी अडकवायची, वरून झाकण असलेली कापडी पिशवी. तिच्यात किल्ल्या, पाना, नट-बोल्ट टाकू नका. मोटारसायकलच्या हँडलवर फोनचा स्टँड लावत असाल, तर कॅमेऱ्यात थरथर रोखणारी व्यवस्था, म्हणजे ओआयएस, आहे का ते आधी पाहा. इंजिनाच्या सततच्या कंपनानं ती बिघडू शकते आणि मग फोटो कायम धूसर येतात. ट्रॅक्टरलाही हेच लागू.

एका हातानं चालवायचाच असेल, तर सेटिंग्जमधल्या शोधपट्टीत 'वन-हँडेड' किंवा 'एकहाती' टाका. कंपनीगणिक हा पर्याय वेगळ्या ठिकाणी असतो, शोधल्यानं लगेच सापडतो. तो चालू केला की बहुतेक फोनमध्ये खालच्या कडेवरून बोट खाली ओढल्यावर पडदा अर्ध्यावर उतरतो. गूगलच्या कीबोर्डवर स्वल्पविरामाचं बटण दाबून धरून हाताच्या चिन्हाकडे सरकवलं, की कीबोर्ड एका बाजूला गोळा होतो.

मोठ्या पडद्याचा खरा फायदा कागदपत्रांत आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र, आकार, खातेदार आणि फेरफार क्रमांक एवढ्या दाटीनं बसलेले असतात, की लहान फोनवर एक रकाना वाचताना दुसरा निसटतो. फोन आडवा धरा, दोन बोटांनी मोठं करा. म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये मात्र एक चूक नेहमी दिसते: 'अक्षरांचा आकार' आणि 'डिस्प्लेचा आकार' दोन्ही टोकाला नेलेले असतात. पहिल्यानं फक्त अक्षरं वाढतात, दुसऱ्यानं बटणं-चित्रं सगळंच. दोन्ही वाढवले, की काही ॲपमध्ये 'पुढे' किंवा 'जतन करा' हे बटण पडद्याच्या खाली निघून जातं आणि माणसाला वाटतं ॲप बिघडलं. अक्षरं मोठी ठेवा, डिस्प्लेचा आकार मधला.

ई-पीक पाहणीला पिकाचा फोटो वावरात उभं राहूनच काढावा लागतो. त्याआधी लोकेशन चालू करून 'अचूक स्थान' ची परवानगी द्या. आंब्याखाली किंवा टिनाच्या शेडमध्ये थांबू नका, उघड्यावर दोन-तीन मिनिटं उभे राहा. उपग्रहावरून जागा शोधायला इंटरनेट लागत नाही, पण डेटा बंद असेल तर जागा सापडायला जास्त वेळ लागतो.

उन्हात डार्क मोड बंद ठेवा. काळ्या पडद्यावर स्वतःचंच तोंड दिसतं, पांढऱ्यावर अक्षरं वाचता येतात. शेजारच्याला दिसू नये म्हणून लावतात ती गडद काच दुपारी वावरात निरुपयोगी आहे. मे महिन्यात आपल्याकडे विदर्भात पारा ४५ च्या वर जातो, आणि बऱ्याच फोनसाठी कंपन्या वापराची मर्यादा ३५ अंशांच्या आसपास सांगतात. म्हणून तापलेला फोन स्वतःच उजेड कमी करतो, चार्जिंग थांबवतो; तो बिघाड नसतो. कव्हर काढा, हॉटस्पॉट बंद करा, सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये किंवा ओल्या फडक्यात ठेवू नका, आत दव धरतं. चार्जिंग पहाटे उरका.

फवारणीबद्दल सगळ्यात जास्त काळजीनं सांगावंसं वाटतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. औषधाच्या हातानं फोन उचलला की तोच फोन गालाला लागतो आणि संध्याकाळी तोच लेकराच्या हातात जातो. पडदा जेवढा मोठा, तेवढी त्यावर औषध बसायला जागा जास्त. शक्यतो फोन धुऱ्यावर ठेवून जा. जवळ ठेवायचाच असेल, तर दाबून बंद होणाऱ्या पारदर्शक प्लास्टिक पिशवीत घाला. त्यातूनही बोट चालतं. काम संपल्यावर आधी हात साबणानं धुवा, मगच पिशवी उघडा. ती पिशवी दुसऱ्या कशालाही वापरू नका.

कापूस घरात साठवला की चार्जिंगच्या भोकात तंतू जमतात. वायर सैल बसते, हलवली की चार्जिंग तुटतं आणि लोक नवीन चार्जर आणतात. फोन बंद करा, बारीक केलेली लाकडी काडी कडेनं हळू फिरवा. सी-टाईप भोकाच्या मधोमध पातळ जीभ असते, तिला धक्का लागू देऊ नका. टाचणी किंवा सुई अजिबात नको.

लाईनीचा भरवसा नसतो म्हणून पॉवर बँक लागतेच. १०,००० एमएएचची घेतली तरी ५,००० च्या फोनला ती दोनदा पूर्ण भरत नाही. व्होल्टेज बदलताना काही ऊर्जा उष्णतेत जाते, त्यामुळे सव्वा ते दीड वेळाच धरा. मागे बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' लिहिलेली असते, खरा आकडा तो.

पडदा फुटला तर गावातल्या दुकानात देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: बसवणार तो ॲमोलेड आहे की साधा एलसीडी? पडद्याखालचा अंगठ्याचा सेन्सर असलेल्या फोनला स्वस्त एलसीडी बसवला, की अंगठ्यानं उघडणं बंद पडतं. नवीन पडदा चिकटवण्याआधी तो जोडून, अंगठा, कॉलमधला आवाज आणि चारही कोपऱ्यांतला स्पर्श तपासा. चिकटवल्यावर तो परत काढताना बऱ्याचदा फुटतो.