रात्रीची गुणगुण आणि भोसरीचा ट्रान्सफॉर्मर

गेली दोन वर्षं माझा ॲम्प, म्हणजे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर, रात्री साडेअकरानंतर गुणगुणायचा. स्पीकरमधून नाही, डब्यातूनच, घुंऽऽ करून. दिवसा काही कळायचं नाही पण रात्री विलंबित ख्याल लावला की नेमकं तानपुऱ्याच्या खाली हे दुसरंच काहीतरी चालू, आणि एकदा कानाला लागलं की मग तेच ऐकू येतं. शेवटी मल्टिमीटर घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. संध्याकाळी सातला लाइनला २३२ व्होल्ट, रात्री बाराला २५२. आजूबाजूचा लोड उतरला की आमच्याकडे व्होल्टेज चढतं, आणि ॲम्पमधला ट्रान्सफॉर्मर २३० धरून अगदी काठावर काढलेला, मग कोअर, म्हणजे त्याचा लोखंडी गाभा, सॅच्युरेट व्हायला लागतो, आणखी चुंबकत्व त्यात मावत नाही, आणि पत्रा थरथरतो.

ॲम्प युरोपियन नावाचा, डिझाइन तिकडचं, बांधलेला चीनमध्ये. डीलरला फोन केला तर आधी म्हणाला नॉर्मल आहे, मग म्हणाला ट्रान्सफॉर्मर बाहेरून मागवावा लागेल, तीन-चार महिने धरा, आणि किंमत सांगितली त्यात एक बरा सेकंडहँड ॲम्प आला असता. वॉरंटी संपलेलीच होती, म्हणून ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने भोसरीला एमआयडीसीत एका वाइंडिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन वजन बघितलं, कडेने अंगठा फिरवला आणि म्हणाले, "काम एकदम स्वच्छ केलंय हो, पण कोअरची पट्टी कमी वापरलीय. आपल्याकडे २६० धरून चालायचं." मग दर व्होल्टला तारेचे वेढे वाढवले, त्याला तांबं जास्त लागतं म्हणून कोअर मोठा घेतला, सेकंडरीचं, म्हणजे पुढे ॲम्पला मिळणारं, व्होल्टेज मात्र पहिल्याइतकंच ठेवलं. जुना ४ किलो भरला होता, नवा साडेपाच. खालची प्लेट नव्याने ड्रिल करावी लागली, बाकी सगळं बसलं. नऊ दिवसांत काम झालं आणि गुणगुण गेली.

आता हे वाचून कोणी म्हणेल, बघा, चायनाचा माल. तसं अजिबात नाही! झाकण उघडल्यावर आतलं काम बघून मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो होतो. प्रत्येक वायर बांधलेली, सोल्डरिंग एकसारखं चकचकीत. व्हार्फडेल, क्वाड, ऑडिओलॅब ही सगळी जुनी इंग्लिश नावं आज आयएजी या एकाच ग्रुपची आहेत आणि त्यांची फॅक्टरी चीनमध्ये जिआनला आहे. तिथे ड्रायव्हर (स्पीकरमधला प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग), कॅबिनेट, ट्रान्सफॉर्मर एकाच आवारात बनतात, छोट्या इंग्लिश कारखान्याला हे कधीच जमलं नसतं. केईएफचा एलएस५० हा छोटा स्पीकर घ्या, २०१२ साली आला, डिझाइन इंग्लंडातल्या मेडस्टोनचं आणि जोडणी चीनची, आणि त्या साइजमध्ये आजही लोक त्याच्याशीच तुलना करतात. बॉवर्स अँड विल्किन्स या स्पीकरवाल्यांनी तर सरळ वाटणीच केली, सगळ्यात वरची ८०० सिरीज इंग्लंडमध्ये वर्दिंगला आणि खालच्या सिरीज चीनमध्ये. महागडी तेवढी घरी, कारण स्वस्त मालाला तिकडची मजुरीच परवडत नाही. उलट रेगा बघा, सगळ्यात स्वस्त टर्नटेबलसुद्धा इंग्लंडमध्येच बनवतात, पण त्यांचं डिझाइनच असं की पार्ट कमी, जोडायला वेळ कमी. म्हणजे कुठे बनवायचं हे आधी ड्रॉइंगवर ठरतं, स्टिकर नंतर लागतो.

आपल्याकडचंही खरं ते सांगतो. या ॲम्पच्या आधी माझ्याकडे एका छोट्या लोकल मेकरचा ॲम्प होता. आवाज सुंदर, अगदी मनापासून सांगतो. पण पुढची प्लेट आणि नॉब, दोन्ही काळे, तरी उन्हात धरलं की एक निळसर आणि एक तपकिरी दिसायचा, कारण ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवरचा रंगाचा थर, वेगवेगळ्या लॉटमध्ये झालेलं. आणि सात महिन्यांत एक चॅनल उडाला. आउटपुट ट्रान्झिस्टर पक्कडीने फोडून बघितला तर आतला डाय, म्हणजे सिलिकॉनचा तुकडा, तांदळाच्या कणीएवढा, ओरिजनलमध्ये तो चांगला मोठा चौकोन असतो. जपानी कंपनीचं नाव छापलेला नकली माल, मार्केटमध्ये खऱ्याच्याच भावात मिळतो. त्या मेकरला दाखवलं तर त्याचा चेहराच उतरला, त्याने दोन्ही चॅनलचे सगळे ट्रान्झिस्टर संध्याकाळपर्यंत बदलून दिले, एक रुपया घेतला नाही. हा माणूस माझ्या घरापासून चाळीस मिनिटांवर आहे, आणि ती चाळीस मिनिटं कुठल्याही स्पेक शीटमध्ये नसतात.

म्हणून मला वाटतं सगळंच इथे बनवायचा हट्ट चुकीचा आणि काहीच इथे होणार नाही हेही चुकीचं. ड्रायव्हर आणा की बाहेरून, नॉर्वेचे सीअस, डेन्मार्कचे स्कॅनस्पीक, इंडोनेशियाचे एसबी, मोठमोठे युरोपियन ब्रँडही तेच वापरतात. चिप तर बाहेरचीच असणार. पण ट्रान्सफॉर्मर, चासी (ॲम्पचा धातूचा सांगाडा), कॅबिनेट या तीन जड गोष्टी इथल्याच हव्यात. जहाजाचं भाडं त्यांनाच लागतं आणि इथली लाइन, इथला उकाडा, इथली हवा त्यांनाच सोसायची असते. रत्नागिरीच्या माझ्या मावसभावाचे इम्पोर्टेड एमडीएफचे, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीचे, स्पीकर दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या कडेने फुगले, विनियर सुटलं. तिथल्या सुताराने वॉटरप्रूफ प्लायमध्ये तोच डबा आतल्या मापाला माप काढून करून दिला, त्याला आता चार पावसाळे झाले.

आणि हे आपल्याला जमत नाही असं तर मुळीच नाही. कोलकात्याची सोनोडाइन १९७० पासून आहे. कोचीचे रेथम स्पीकर परदेशातले लोक पैसे मोजून घेतात, दिल्लीत लिरिटावाले हाताने व्हॉल्व्ह ॲम्प (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारे) बांधतात, आणि आपल्या पुण्यात केडन्सने इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेलचे, म्हणजे कोनऐवजी विजेच्या भाराने हलणाऱ्या पातळ पडद्याचे, स्पीकर बनवले, जे करायला भल्याभल्यांना घाम फुटतो. कमी पडतं ते फिनिश आणि सातत्य. शंभर प्लेट एका शेडमध्ये हव्या असतील तर शंभरची ऑर्डर लागते, आणि आपला मेकर एका वेळी आठच ॲम्प बांधतो, कारण आठच विकले जातात. आपण गिऱ्हाइकं त्याच्याकडे "तेवढ्यात इम्पोर्टेड येतो की" म्हणून पाठ फिरवतो तेव्हा ती शंभरची ऑर्डर अजून लांब जाते.

काल रात्री मुद्दाम मीटर लावला, २५३. झाकणावर हात ठेवला, कोमट, काही थरथर नाही. जुना ट्रान्सफॉर्मर काकांनी ठेवून घेतलाय, पट्टी कुठल्या ग्रेडची आहे ते सोलून बघायचंय म्हणाले. शनिवारी मित्राचा व्हॉल्व्ह ॲम्प घेऊन परत जातोय, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेलाय, आणि काकांनी आजवर असला कधी गुंडाळलेला नाही, पण "आणा तर खरं" म्हणालेत.