वीज गेली, पण दार उघडलं नाही

बुधवार, रात्रपाळी, कुंडई (गोवा)

संध्याकाळपासून पाऊस नुसता कोसळत होता. जेवणाच्या सुट्टीआधी वीज गेली. जनरेटरची वीज आपोआप यायला हवी होती, ती आली नाही आणि थोड्याच वेळात कोल्ड रूमचा अलार्म वाजायला लागला.

आत इंजेक्शनांचा माल, 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच ठेवायचा. पाळीतली मुलं ट्रॉली घेऊनच आली. “सर, माल पलीकडच्या कोल्ड रूममध्ये हलवूया!” तळमळ खरी होती त्यांची. पण पलीकडची खोलीही त्याच जनरेटरवर. शिवाय दार उघडलं की आतली थंड हवा बाहेर आणि आषाढातली दमट हवा आत. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी झालं असतं.

अलार्म हवेच्या सेन्सरचा होता. तो 8.4 दाखवत होता. त्याच्या शेजारी ग्लिसरीनच्या छोट्या बाटलीत बुडवलेला दुसरा प्रोब असतो, तो 5.6 वर होता. ग्लिसरीन हवेपेक्षा खूप सावकाश तापतं, साधारण कुपीतल्या औषधासारखं. म्हणजे मालाची खरी अवस्था बाटलीवरून कळते. एका मुलाला वेळ लिहून घ्यायला सांगितलं, दुसऱ्याला दर पाच मिनिटांनी बाटलीचा आकडा. मग फाईल काढली. खोली वापरात घेण्याआधी मुद्दाम वीज बंद करून चाचणी घेतात. दार बंद राहिलं तर दोन तास निभावतं, असं त्यात स्पष्ट होतं. ते मोठ्याने वाचून दाखवलं. “घाबरू नका” म्हणायची वेळच आली नाही, मुलांनी ट्रॉली जागेवर नेऊन ठेवली.

इलेक्ट्रिशियन काका तोवर पॅनेलपाशी बॅटरी घेऊन उभे होते. मुख्य पुरवठ्यावरून जनरेटरवर वीज वळवणारा स्विच, म्हणजे चेंजओव्हर, अडकला होता. त्यांनी हाताने फिरवला, जनरेटरची वीज आली. बाटली 6.1 च्या वर गेली नाही.

मग डिस्पॅचचा फोन. न्हावा शेवा बंदराला जाणारी गाडी फाटकाशी उभी, माल सोडणार की नाही? आवाज चढलेला होता, आणि त्यांचंही चूक नव्हतं, जहाज थांबत नाही. पण अशा वेळी मी एकच बघतो: कुठला निर्णय उद्या माघारी घेता येईल? ‘होल्ड’चं पिवळं लेबल सकाळी क्वालिटीवाल्यांनी लॉगरचा, म्हणजे तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा, आलेख तपासला की काढता येतं. गाडी राज्याच्या सीमेवरची पत्रादेवी ओलांडून गेल्यावर शंका आली तर काय करणार? पुढे ते इंजेक्शन कुणाच्या तरी दंडात जाणार आहे. म्हणून लेबल लावलं आणि फोनवर तेवढंच सांगितलं, जे डोळ्यांनी पाहिलं ते: किती वाजता काय झालं, आकडे किती, उत्तर सकाळी कधी मिळेल. माल बहुधा ठीकच आहे असं वाटत होतं, पण ते बोललो नाही. ‘बहुधा’ ऐकणाऱ्याला ‘हो’ ऐकू येतं.

आता पहाट होत आलीय. अहवालात जनरेटरबद्दल वेगळा परिच्छेद लिहिलाय. त्याची नियमित चाचणी होते, पण बटण दाबून. म्हणजे इंजिन चालतं हे कळतं, चेंजओव्हर पडतो का हे नाही. यापुढे मुख्य पुरवठा खरोखर तोडून चाचणी घ्यावी, चतुर्थीच्या सुट्टीआधी पहिली, असं मागितलंय. काकांनी खाली सही केली आहे.